बेबीमावशी गाडी ऐकते

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो, मग टायरला लाथ मारतो आणि शेवटी काही कळत नसलं तरी बॉनेट उघडून मान डोलावतो. आमची बेबीमावशी डोळे मिटायची. गाडीपुढे उभी राहून पदर खोचायची, डोळे घट्ट मिटायची आणि म्हणायची, "कर चालू." महाडात आमच्या आळीत कोणाच्याही दारी जुनी गाडी येवो, मावशीने डोळे मिटल्याशिवाय सौदा होत नसे.

आणि या बाईला स्वतःला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती! तिची आमच्या घरासमोर पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर डिझेल इंजिनावरची ती गिरणी तिने एकटीने चालवली. "इंजान बिघडलं की मिस्त्री यायचा दोन दिसांनी," ती सांगायची, "तोवर लोकांनी काय तांदूळ चघळायचे?" म्हणून ती इंजिनाचा आवाज ऐकायला शिकली. पट्टा सैल झालाय, बेअरिंग खातंय, तेल कमी पडलंय, सगळं कानावर. पुढे गिरणीला विजेची मोटर आली, पण कान तेच राहिले. "डोळं मिट, मंग दिसंल," हे तिचं ब्रीदवाक्य. डोळ्यांना रंगरंगोटी फसवते, कानांना फसवायला जास्त अक्कल लागते, असं तिचं म्हणणं.

मी शाळामास्तर, म्हणजे जन्मजात शहाणा. लहानपणापासून तिच्या ओट्यावर दळणाचा डबा ठेवत आलो, तरी गाडी घेताना तिला विचारलं नाही. एका डॉक्टरांनी वापरलेली, पांढरीशुभ्र. दारात उभी केली आणि मावशी गिरणीतूनच ओरडली, "मास्तरा, डाक्टरनं हिला कधी तपासली नाय का रे? दमा हाय हिला." मी तिला चार शब्द सुनावले. महिन्याभरात गाडीने वरंधच्या रस्त्यावर दम टाकला आणि मी सासऱ्यांसमोर, सफारी सूट घालून, ती ढकलली. त्यानंतर मी मावशीचा शिष्य झालो. दुसरं करणार काय?

मग एकदा तिच्याच घरात गाडी घ्यायची वेळ आली. तिचा एकुलता एक दिनेश दहा वर्षं मुंबईत टॅक्सी चालवत होता. आता त्याची मस्कतला ड्रायव्हरची नोकरी ठरत आली होती. तो आला आणि म्हणाला, "मम्मी, सोळा तारखेला मला त्यांना फायनल सांगायचंय. तोपर्यंत चांगली जीप भेटली तर इकडेच राहतो, वीर स्टेशन ते महाड सवारी मारतो. नाय भेटली तर मस्कत."

त्या दिवशी मावशीने माझं दळण दोनदा दळलं. "लक्ष कुठं आहे?" म्हटलं, तर म्हणाली, "गावाचं पीठ दळते, नि भाकरी थापायची एकटीला. कट्टाळा आला रे मास्तरा. ह्यो ऱ्हायला पायजे."

आठ तारखेला पनवेलकडचा एक एजंट जीप घेऊन आला. जीप काय चकचकीत होती! निम्मी आळी गोळा झाली. मावशीने डोळे मिटले. इंजिन असं गोड चाललं की मावशीच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. दिनेश म्हणाला, "मम्मी, ए वन ना?"

"काच खाली कर," मावशी म्हणाली.

दिनेशने काच खाली केली. मावशीचं हसू गेलं. "वर कर. परत खाली." तीन वेळा काच खालीवर झाली. आम्हाला कोणाला काही ऐकू आलं नाही. ती गप्प बसली असती तर जीप त्याच संध्याकाळी घरची झाली असती. पण ती म्हणाली, "दळणात खडा हाय. बंद कर."

एजंट म्हणाला, "धूळ असते हो मावशी, रस्त्याची." मावशीने मागची सीट काढायला लावली, मॅट उचललं, खालच्या पट्टीत बोट घातलं आणि वाळलेला करडा गाळ तळहातावर घेतला. हुंगला. मग तो हात तिने आळीपुढे फिरवला. एकेकाने हुंगला आणि एकेकाने मान हलवली. हा पुराचा गाळ आम्ही जन्मभर घराघरांतून उपसलेला! पुरात बुडालेली गाडी विकायला या गृहस्थाला सगळा मुलूख सोडून महाडच सापडलं. सोनाराला पितळ विकायला निघाला होता बिचारा. चहासुद्धा न पिता गेला. आळीने मावशीच्या नावाने टाळ्या वाजवल्या.

दिनेशने वाजवल्या नाहीत. "तुला कुठलीच पसंत पडायची नाय," तो म्हणाला आणि बॅगेची चेन लावू लागला. मावशी गिरणीत गेली आणि दळण नसतानाच तिने मोटर चालू केली. मला फार वाईट वाटलं तिचं.

चौदा तारखेला पोलादपूरच्या हमीदभाईंचा निरोप आला. त्यांचा माल वाहण्याचा धंदा, आता त्यातली एक जीप विकायची होती. रंग उडालेला, सीटा फाटक्या. हमीदभाई आधीच म्हणाले, "मावशी, खोटं नाय बोलणार. टॅपेटचा आवाज हाय, इंजिनात टिक टिक वाजतं."

आम्ही पाच जण आणि तांदळाच्या दोन गोणी घालून जीप आंबेनळी घाटात चढवली. टिक टिक मलाही ऐकू येत होती. दिनेश चालवत होता, पण आईकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. वर पोहोचल्यावर मावशीने डोळे उघडले. "मालकानं सांगितलेल्या आवाजाचं भ्याव नाय," ती म्हणाली, "लपवलेला आवाज वाईट. टॅपेट अर्ध्या दिसाचं काम. घाटात कुठं दमली नाय. घे रे दिनेश."

दिनेशने तिथेच, घाटाच्या माथ्यावर, आईच्या पायांना हात लावला. सोळाची वाट न बघता पंधरालाच त्याने मस्कतवाल्यांना फोनवर नाही म्हणून सांगितलं. आळीत पेढे वाटले गेले. मी चार खाल्ले.

जीप धंद्याला लागली. पहिल्याच दिवशी सकाळच्या गाडीची सवारी आणायला दिनेश वीरला निघाला, तर मावशी गिरणीला कुलूप लावून पुढच्या सीटवर. दुपारी पुन्हा गेली, संध्याकाळी पुन्हा. आठवडाभर हेच. ओट्यावर डब्यांची रांग लागली, त्यात माझाही होता. शेवटी मी वैतागलो. "मावशी, वीरला तुझं आहे काय? गाडी चांगली आहे, तूच सांगितलंस ना?"

"गाडीचं काय नाय रे," ती म्हणाली. "धा वर्सं ह्याला स्टेशनात सोडून एकटीच परत यायची. आता परत येताना ह्यो बाजूला असतो. ते थोडे दिस बघून घेते."

मी माझा डबा उचलला आणि बाजारपेठेतल्या गिरणीवर गेलो.