पुंजाजी मिस्त्रींचा कारबन

मंगरूळपीरला आमच्या गल्लीत भाजीवाला आला की बायका भाव विचारतात आणि पुंजाजी मिस्त्री कारबन विचारतात. "मेथीचा कारबन किती?" भाजीवालाही आता सरावलाय. "सायकलवर आणली काका, कमीच असंन," म्हणतो आणि पुढे जातो.

यात थोडा दोष माझा आहे. मी त्यांच्या समोरच्या खोलीत राहतो आणि कॉलेजात विज्ञान शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे शिकलेलं कुणाच्या उपयोगी पडलं की मला फार बरं वाटतं, आणि विचारल्यापेक्षा मी जरा जास्तच सांगतो. गेल्या वर्षी मिस्त्री गवत लावायला घराच्या स्लॅबवर माती चढवत होते आणि गल्ली खाली उभी राहून हसत होती.

"मिस्त्री, सोयाबीन पेरता का तूर?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, गवत हवेतला कार्बन शोषतं, आणि सिमेंट तयार होताना तोच कार्बन हवेत जातो. मिस्त्रींनी घमेलं खाली ठेवलं. जन्मभर त्यांनी गावात स्लॅबच ओतले होते.

"आयकलं का बे? मी कारबनसाठी करून राह्यलो!" ते वरून गरजले. जणू तो शब्द त्यांनीच शोधून काढला होता.

तेव्हापासून सगळं कारबनात. जावयाने मोटारसायकल घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "पेढा झकास. गाडीचा कारबन सांगा." दुसरी एक खोड होती. बोलता बोलता मध्येच बोट वर करायचे, "थांबा!" म्हणायचे आणि मान तिरकी करून घराकडे कान लावायचे. मग, "हां, बोला." मिस्त्रींना गवत वाढल्याचा आवाज येतो, असं गल्लीचं ठाम मत.

मला मात्र वेगळंच खटकायचं. एवढा मोठा स्लॅब आणि हराळी फक्त पश्चिमेच्या एका खोलीवर.

"सगळीकडे पसरा ना, काका."

"नाई. तेवढीच बस."

या उन्हाळ्यात त्यांनी मला कामाला लावलं. "मास्तर, आपला कारबन नफ्यात हाये का तोट्यात? खरं सांगा."

मी वही घेऊन बसलो. मातीखालचा डांबरी कागद, विटांची कड, आसेगावहून ट्रॅक्टरने आणलेली माती, मोटारीने चढवलेलं पाणी. या सगळ्याचा कार्बन केव्हाच हवेत गेला होता. समोर बिचारी एका खोलीवरची हराळी. ती तेवढा शोषेपर्यंत मिस्त्रींच्या नातवाचं लग्न होईल, आणि नातू अजून रांगतो. कारबनवर जीव टाकणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? दोन दिवस मी त्यांची नजर चुकवली.

शेवटी भर दुपारी गेलो. लकवा झाल्यापासून काकू आत पडून असतात म्हणून मी ओट्यावरूनच बोलायचो. त्या दिवशी मिस्त्रींनी आत बोलावलं. पश्चिमेची खोली. काकू खाटेवर होत्या. खिडकीतला कूलर बंद, त्यावर चादरींच्या घड्या. तरी माझ्या तापलेल्या खोलीपुढे ती खोली गार होती.

"काका, तोट्यात आहे," मी एका दमात सांगून टाकलं.

"बम तोटा? लय मोठा?"

"नातवाच्या लग्नापर्यंत."

"असू द्या."

इतकं सहज म्हणाले की मलाच राग आला. "मग वर्षभर कारबन कारबन कायले केलं?"

मिस्त्री कूलरकडे पाहत हळूच म्हणाले, "हिचा आवाज आता जराकसाच निंगते, मास्तर. हे डबडं चालू असलं का आयकूच येत नाई. एक डाव ही किती येळ पाणी मांगत होती, अन् मी इथंच बाजूले बसेल होतो. म्हटलं, स्लॅब मीच ओतला, मीच थंडा करतो. पण बायकोसाठी गवत लावलं म्हटलं असतं, तं गल्लीनं जगू देल्लं असतं का? तेवढ्यात तुमी कारबन घेऊन आले."

माझी चूक तेव्हा लक्षात आली. बंद कूलरची वाचलेली वीज मी धरलीच नव्हती.

"काका, हिशेब चुकला. कूलरची वीज…"

त्यांनी बोट वर केलं. "थांबा!"

मला काहीच ऐकू आलं नाही. मिस्त्री मात्र खाटेकडे वळले होते.

"पाणी? आणलं ना वं."