चौकोनांच्या सात वह्या

दादाच्या वह्या रद्दीत घालायचा निर्णय तसा छोटाच होता. कपाटातला एक खण मोकळा होणार होता, एवढंच.

दादा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मागे राहिल्या सात वह्या आणि त्या वाचू शकणारा जगातला एकच माणूस, त्याचा धाकटा भाऊ. हा धाकटा छपाईच्या दुकानात मजकूर टाइप करायचा. वह्यांची लिपी दोघांनी लहानपणी, वडिलांना काही कळू नये म्हणून तयार केली होती. 'क' म्हणजे कपाचा कान, 'म' म्हणजे माळ्याची शिडी. (वडिलांना कळायचं ते कळलंच. एवढं लपवण्यासारखं यांच्याकडे आहे तरी काय, म्हणून दोघांना मार बसला.)

वह्यांची पानं विरत चालली होती. धाकट्याने ठरवलं, सगळं संगणकात उतरवायचं. तिथे जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला नंबर असतो. घरगुती लिप्यांना कोण नंबर देणार? म्हणून काही नंबर मोकळे ठेवलेले असतात. तिथे आपली अक्षरं आपण बसवायची, पण त्यांचं रूप दाखवणारा फॉन्टही आपणच सांभाळायचा. त्याने कान, शिडी, सगळं नीट काढून फॉन्ट बनवला आणि पाच महिने रोज संध्याकाळी टाइप केलं.

वाचलं मात्र नाही. धंद्यातली सवय, मजकुरात लक्ष गेलं की बोटं अडखळतात. शेवटी एकदा निवांत बसून वाचू, असं तो बायकोला सांगायचा. खरं म्हणजे त्याला वाचायची भीती वाटत होती.

काम संपलं. फाइलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. बायको म्हणाली, राहू देत की वह्या. तो म्हणाला, आता सगळं तिजोरीत ठेवल्यासारखं आहे. वह्या गेल्या.

पुढच्याच आठवड्यात संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्याने विचारलं, आत जपण्यासारखं काही आहे का? तीन-तीन प्रती आहेत, असं धाकट्याने ऐटीत सांगितलं. (ऐटीत बोलायची संधी त्याला क्वचितच मिळायची.) दुरुस्तीवाल्याने सगळं स्वच्छ पुसून दिलं.

घरी येऊन फाइल उघडली. पहिल्या पानावर नुसते चौकोन. दुसऱ्या पानावर चौकोन. सातही वह्या चौकोन. तीन प्रती होत्या त्या मजकुराच्या; फॉन्ट होता फक्त त्या पुसलेल्या यंत्रात. कुठला नंबर कुठल्या अक्षराला दिला, तेही लिहून ठेवलेलं नव्हतं. (लक्षात राहील, असं वाटलं होतं.) त्याने उरलेल्या दोन्ही प्रती उघडून पाहिल्या. त्यांतले चौकोनही तितकेच सुबक होते.

तो दोन दिवस जेवला नाही. बायकोच्या मते एक वेळ.

"दादा परत एकदा गेला," तो म्हणाला, "आणि या वेळी मीच घालवला."

ती आत गेली आणि एक वही घेऊन आली. सातवी. मागची पानं कोरी दिसली, म्हणून इस्त्रीच्या कपड्यांची यादी करायला तिने ती रद्दीतून काढून घेतली होती.

एक वही पुरेशी होती. वहीतलं अक्षर आणि फाइलमधल्या चौकोनामागचा नंबर शेजारी ठेवत गेलं, की कुठला नंबर कुणाचा ते कळणार होतं आणि बाकीच्या सहाही वह्या उलगडणार होत्या. त्याने डोळे पुसले, अक्षरांवरून बोट फिरवत पहिलं पान वाचलं आणि वही मिटली.

"काय लिहिलंय?"

"काही नाही, असंच."

"अहो, वाचा."

तिच्याशी खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याने वाचलं, "माझ्यामागे या वह्या धाकट्याच्या हाती देऊ नका. तो जपून ठेवतो म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. त्याच्या बायकोकडे द्या."

(आणि ही सूचना दादाने धाकट्याशिवाय कुणालाही न येणाऱ्या लिपीत लिहून ठेवली होती. दोघे सख्खे भाऊ होते, यात शंका नाही.)

बायकोने त्याच्या हातातून वही हळूच काढून घेतली. आता रोज संध्याकाळी तो ती मागून घेतो, स्वयंपाकघरात तिच्या नजरेसमोर बसून एक पान जुळवतो आणि परत करतो. ठेवण्याआधी ती पानं मोजून घेते.