तिसरा आग्रह

गोलनारचं पत्र येऊन वर्ष होत आलं होतं आणि फरामर्ज आगांनी अजून त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. लिहिलं होतं, वाचलं होतं आणि 'असं कुणी लिहितं का?' म्हणून फाडलंही होतं, पुष्कळदा. गोलनार म्हणजे त्यांच्या वारलेल्या मित्राची मुलगी. तेहरानला फोटो काढते आणि साध्या घरांच्या अंगणात सापडणाऱ्या कलेवर पुस्तक करते आहे. ती त्यांना अमूजान, म्हणजे काका, म्हणते. तिनं एवढंच विचारलं होतं : 'अमूजान, लहानपणी तुमच्या अंगणात बसलं की चित्रात बसल्यासारखं वाटायचं. तिथं असं काय होतं, ते लिहाल?'

फरामर्ज आगा अंगणाकडे बघत बसत. मधे निळा हौद, कोपऱ्यात कडू नारंगीचं झाड, आणि हौदाच्या काठानं जिरेनियम लावलेले पत्र्याचे डबे. तुपाचे, लोणच्याचे, टोमॅटोच्या गराचे. रंग उडालेले, गंजलेले. यात कला कसली? वाचनालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात जन्म गेला, त्या माणसानं कलेबद्दल बोलावं तरी का? मग ते उठत आणि विचार करता करता डबे हलवत. पांढरं फूल गंजलेल्या डब्यात जास्त खुलतं, तो पुढे. कोंबड्याचं चित्र असलेला जरा तिरका. लालभडक दोन शेजारी नकोत, भांडतात.

"नमाजाला लागत नाही तेवढा वेळ या डब्यांना लागतो तुम्हाला," त्यांची बायको, महलका खानम, चहा ओतताना म्हणत.

आणि एक दिवस फोन वाजला. "अमूजान, पत्राचं उत्तर येत नाही, म्हणून आता मीच शुक्रवारी शिराजला येतेय!"

फरामर्ज आगांनी फोन ठेवला. "महलका, मेलो! ती येणार, आणि तिला काय दाखवू? तुपाचे डबे?"

"ती तुम्हाला भेटायला येतेय."

"फोटो काढायला येतेय!"

त्यांनी मेहुण्याला, खोसरोला गाठलं. तो लग्नाच्या दिवाणखान्यांना प्लास्टरची सजावट पुरवायचा. "आगा, काळजीच सोडा," तो म्हणाला, "हंस देतो. राजेलोकांच्या बागेत शोभेल असला!"

हंस आला. पांढराशुभ्र, मान उंच केलेला आणि खोसरोच्या वऱ्हाडी पाहुण्यांसारखा कशावरही खूष नसलेला. त्याला हौदात उभं केलं. आता डब्यांची अडचण. ते कुठं लपवावेत या विवंचनेत असतानाच शेजारच्या तूबा खानम कोथिंबीर मागायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "काय बाई बहरलेत तुमचे जिरेनियम!"

फरामर्ज आगांना जणू देवच पावला. "आपल्याला अर्पण, खानम! घेऊन जा."

"इश्श! छे, छे."

"नाही, घ्याच."

"अहो, भलतंच काय!"

"माझ्या डोक्याची शपथ आहे!"

दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे शिराजमध्ये पाळण्यातल्या पोरालाही कळतं. आणि तिसऱ्यांदा आग्रह करायचा तो खरंच द्यायचं असेल तरच, हेही कळतं. तूबा खानमनी जरा चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. पण शपथ घातल्यावर त्यांचाही इलाज नव्हता. संध्याकाळपर्यंत सगळे डबे भिंतीपलीकडे गेले.

"हात दाखवून अवलक्षण," महलका खानम म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या रात्री फरामर्ज आगांना झोप नीट लागली नाही. सकाळी सवयीनं हौदाकाठी वाकले, तर हलवायला काहीच नव्हतं.

शुक्रवारी गोलनार आली, तोवर हंसानं आपले गुण उधळले होते. तो लग्नाच्या स्टेजवरचा हंस. पाण्याची त्याला सवय नव्हती. रात्रभरात त्याचे पाय विरघळले, तो कुल्ल्यावर बसला आणि हौदाचं पार ताक झालं. गोलनार दारात थांबली. हंसाकडे पाहिलं, ताकाकडे पाहिलं. वळण चांगलं होतं पोरीला, म्हणाली, "वा, अमूजान. किती... शांत वाटतं इथं."

फरामर्ज आगांना वाटलं, आपणही हंसाशेजारी बसून विरघळून जावं.

तेवढ्यात भिंतीवरून डोकावलेलं एक तांबडं फूल तिला दिसलं. टाचा उंचावून तिनं पलीकडे पाहिलं आणि ओरडलीच, "अमूजान! हेच! लहानपणी पाहिलेलं ते हेच!"

पाच मिनिटांत सगळे तूबा खानमच्या अंगणात होते. गोलनार डब्यांपुढे मांडी घालून फोटो काढत होती आणि तूबा खानम ओढणी सावरत म्हणत होत्या, "आमचं आपलं साधंसुधं हो!"

"अहो, गंजाच्या रंगावर पांढरं फूल, हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचायचं काय त्यात," तूबा खानम म्हणाल्या आणि फरामर्ज आगांकडे बघण्याचं टाळलं.

महलका खानमनी त्यांना कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाल्या, "बोला की. तुमचंच पुस्तकात जायचं ते भिंतीपलीकडचं म्हणून जाणार."

'ते डबे माझे' असं थोडंच तोंडानं म्हणता येतं? एकच रीतीचा रस्ता होता. फरामर्ज आगांनी घसा खाकरला. "तूबा खानम, फारच सुंदर आहेत हो तुमचे जिरेनियम."

"मग न्या ना! आपल्याला अर्पण."

"छे, छे."

"अहो, घ्याच."

"अजिबात नाही," म्हणत ते तिसऱ्या आग्रहाची वाट पाहू लागले. हातही थोडा पुढे झाला.

तूबा खानमनी समोवारच्या तोटीखाली पेला धरून चहा भरला. "बरं. मग चहा तरी घ्या."

संपलं. फरामर्ज आगांनी पेला घेतला. मात्र त्यांची नजर राहून राहून एका ठिकाणी अडखळत होती. तूबा खानमनी दोन लालभडक शेजारी ठेवले होते. ते भांडत होते. कोंबडा भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखा. त्यांनी नजर वळवली. पुन्हा गेली. चहा कधी खाली ठेवला, गुडघ्यावर कधी बसले, त्यांना कळलंच नाही. एक लाल उचलून पलीकडे. पांढरा पुढे. कोंबडा जरासा तिरका. मान कलती करून बघितलं. अजून थोडा.

क्लिक.

वर पाहिलं तर गोलनारनं कॅमेरा खाली घेतला होता आणि तिचे डोळे भरले होते. "लहानपणी चित्रात बसल्यासारखं का वाटायचं, ते आत्ता कळलं."

"काही नाही गं, ते आपलं... हात जातो."

"जातो म्हणजे! रोज तासभर जातो," तूबा खानम न राहवून म्हणाल्या. "मी भिंतीवरून बघते ना. ऐक मुली, मांडणी त्यांची, हे मी कबूल करते. पण डबे माझे. शपथ घालून दिलेत! किती वर्षं डोळा होता माझा. आता आगांनी रोज सकाळी इथं येऊन ते मांडून जायचं. आणि नको म्हणायचं नाही. एकदासुद्धा!"

फरामर्ज आगांचं तोंड 'छे' म्हणायला उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं.

जाताना गोलनार म्हणाली, "फोटो मिळाले, पण शब्द तुमचेच हवेत. पत्राचं उत्तर राहिलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते लिहिलं. फार मोठं नव्हतं. 'आमच्या अंगणात सध्या कला नाही; मेहुणा तिला ढकलगाडीवरून परत घेऊन गेला. शेजारच्या अंगणात आहे. ती रोज सकाळी मी मांडतो.' पाकीट चिकटवलं आणि लगेच पुन्हा उघडावंसं वाटलं. 'मी मांडतो' हे जरा जास्तच झालं का?

टपालपेटीपाशी महलका खानम म्हणाल्या, "द्या इकडे, मी टाकते. तुम्ही फाडाल."

"छे, तुला कशाला त्रास?"

"त्रास कसला? द्या."

"नको, नको," म्हणत त्यांनी पाकीट थोडं पुढेही केलं, आणि तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत उभे राहिले.

"बरं तर," महलका खानम म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून भाकरीवाल्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

फरामर्ज आगा पेटीसमोर एकटेच उरले. आता इलाज नव्हता. त्यांनी पाकीट जरासं तिरकं केलं, मान कलती करून पाहिलं आणि आत सोडून दिलं.