पाहुण्यांच्या गाडीले हात लावाचा नाही

"आज पाहुण्यांच्या गाडीले हात लावाचा नाही," असं जमनीने नवऱ्याला चूल पेटवताना सांगितलं, बाटीचं पीठ मळताना सांगितलं आणि पाहुणे अंगणात उतरल्यावर नुसत्या डोळ्यांनी सांगितलं. फुलचंदने दर वेळी मान हलवली. मान हलवण्यात फुलचंद कधी कमी पडला नाही. कमी पडायचा तो त्यानंतर.

जमनीचं म्हणणं उगाच नव्हतं. मागे त्यांच्या लेकीला, राखीला बघायला घाटंजीकडचे लोक स्कूटरवर आले होते. ते जेवायला बसले, तेवढ्यात फुलचंदने त्यांची स्कूटर धुऊन काढली. इतकी मन लावून धुतली, की पाणी जिथे जायला नको तिथेही गेलं आणि स्कूटर काही केल्या सुरू होईना. पाहुण्यांनी ती भर उन्हात डांबरी सडकेपर्यंत ढकलत नेली. नंतर त्यांचा फोन आला नाही. राखी तेव्हा काही म्हणाली नाही, पण कितीतरी दिवस बापाशी कामापुरतंच बोलत होती. फुलचंदला ते फार लागलं होतं.

तरीही गाडी दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले होते. त्यांच्या घराची एक रीत होती. तांड्यावर कोणी आलं, की आधी त्याच्या बैलाकडे बघायचं. ओझं उतरवायचं, खुरातला चिखल काढायचा, पाठ सोलली असेल तर तेल-हळद लावायची, आणि मग माणसाला विचारायचं, कसं काय बरं आहे. पुढे ते बैल गेले, फुलचंद पऱ्हाटी आणि सोयाबीन पिकवू लागला, पाहुणे मोटरसायकलवर येऊ लागले. रीत मात्र त्याच्या हातातून जाईना. टपाल घेऊन येणाऱ्याची सायकल आणि लस टोचायला येणाऱ्या बाईंची स्कूटी, दोन्हींची सेवा त्याने केली होती आणि दोन्ही मालकांनी पुढच्या खेपेपासून वाहन तांड्याबाहेर लावायला सुरुवात केली होती.

आजचे पाहुणे ढाणकीकडच्या तांड्यावरून आले होते, बादल आणि त्याचे वडील धरमसिंग. बोलणी आधीच झाली होती. तांड्याचे नायक उकंडा पुसदच्या बाजाराला गेले होते, ते दिवस मावळायच्या आत येणार होते. नायकासमोर गूळ वाटला, की सोयरीक पक्की. राखीने हे स्थळ स्वतःच्या तोंडाने आईला सुचवलं होतं. एका लग्नात ती बादलशी बोलली होती आणि तेव्हापासून शिवणयंत्रावर बसल्या बसल्या गुणगुणत होती. तेव्हा आज काही बिघडता कामा नये, एवढं फुलचंदलाही कळत होतं.

पण बादलची मोटरसायकल समोर उभी होती. दिव्यापासून पोटापर्यंत निळ्या प्लास्टिकने झाकलेली. मेकॅनिक लोक त्याला फायबर म्हणतात. परतीच्या पावसाने तांड्याच्या रस्त्याचा नुसता राबडा झाला होता, आणि ती काळी माती पुढच्या चाकापासून फायबरच्या आतपर्यंत भरली होती. अंगणात शिरताना गाडीचा खडखड आवाजही येत होता. फुलचंदला ती थकलेल्या जनावरासारखी दिसली. पाहुणे बोकडाचा रस्सा आणि बाट्या खाऊन आत खाटांवर आडवे झाले होते. जमनी आणि राखी मागच्या पडवीत भांड्यांना लागल्या होत्या.

"नुसता वरचा चिखल काढतो," फुलचंद स्वतःशीच म्हणाला. पाणी नको, एवढं तो मागच्या खेपेला शिकला होता. त्याने काडीने चिखल खरवडला. बाहेरचा निघाला, आतला दिसत राहिला. खुरात खडा दिसल्यावर तो तसाच ठेवणारा माणूस त्यांच्या घरात जन्मला नव्हता. त्याने मळणीयंत्राच्या पेटीतून सहा कोनांचा पाना आणला आणि एका बाजूचे बोल्ट सोडवले. ते हरवू नयेत म्हणून शेजारच्या सुपात ठेवले. सूप ठेवलं ताडपत्रीवर, आणि ताडपत्रीवर सोयाबीन वाळत पडलं होतं.

फायबरला बोल्टांखेरीज प्लास्टिकची काळी बटणंही होती. त्या बटणाचं पोट आत दाबलं की ते आपणहून सुटतं. फुलचंदने ते विळ्याच्या टोकाने उपटलं, तेव्हा ते सुटलं खरं, पण दोन तुकड्यांत. मग त्याने फायबर ओढलं. निघेना. आणखी ओढलं. 'कट्' असा आवाज झाला आणि फायबर हातात आलं. त्याच्या आतल्या बाजूला रबरात बसणारी एक कडी मुळातून तुटलेली होती. फुलचंदने ती बोटाने दाबून पाहिली, बसेना.

आत चिखलाबरोबर एक चिंधी कोंबलेली होती. लाल, काठाला पिवळी रेघ. आवाज होऊ नये म्हणून कंपनीनेच घातली असावी, असं समजून फुलचंदने ती हंड्यातल्या पाण्यात धुतली आणि दोरीवर वाळत टाकली. चिखल सगळा काढला. तेवढं काम मात्र झकास झालं.

मग बकरी आली. तिला सुपात काहीतरी चमकताना दिसलं, तिने तोंड घातलं, सूप पालथं झालं आणि बोल्ट सोयाबीनमध्ये गेले. फुलचंदने बकरीला हाकललं आणि गुडघ्यांवर बसून एकेक बोल्ट वेचला. फायबर जागेवर धरलं, बोल्ट घट्ट आवळत आणले, तर शेवटच्या भोकापुढे भोकच येईना. दाबून आणलं, तर घालायला बोल्ट उरला नव्हता. आणि घाम पुसायला तो मागे सरकला, तेव्हा सिग्नलच्या दिव्याची वायर बाहेर लोंबताना दिसली. ती आतून जोडायची होती.

त्याने सगळं पुन्हा खोललं. त्याच वेळी राखी पाणी भरायला अंगणात आली.

तिने गाडी पाहिली, फायबर पाहिलं, बापाचे काळे हात पाहिले. घागर खाली ठेवली.

"बा, तुम्ही पुन्हा?"

"नुसता चिखल काढत होतो माय," फुलचंद म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की राखीला त्याचा राग येईना, आणि न आल्याचा आणखी राग आला.

ती त्याच्या शेजारी बसली. वायर तिने जोडली. "आता एकदम आवळू नका. बाही जोडतो तशी करा. आधी चहूकडून कच्चे टाके घाला, मंग पक्के." फुलचंदने सगळे बोल्ट सैल बसवले, मग आवळले, आणि भोकापुढे भोक आलं. वरचं एक भोक मात्र रिकामं दिसत होतं. अगदी नजरेसमोरचं.

"हा बोल्ट सोयाबीनमंधीच असन," फुलचंद म्हणाला.

भांड्यांची खणखण थांबली तशी जमनी बाहेर आली. तिला सगळं सांगावं लागलं नाही. तिने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने चाळणी उचलली. जुन्या रेडिओतलं लोहचुंबकही तिने शोधून आणलं. तिघंही ताडपत्रीवर बसली. जमनी चाळत होती, राखी पाखडत होती आणि फुलचंद चुंबक सोयाबीनवरून फिरवत होता. चुंबकाला एक खिळा लागला, जमनीची हरवलेली टाचणी लागली, बोल्ट काही लागला नाही.

"तुम्हाले म्या काय सांगतलं होतं?" जमनी दातओठ खात हळूच म्हणाली.

"हात लावाचा नाही म्हणून."

"मंग?"

फुलचंदने मान हलवली.

इतक्यात धरमसिंग डोळे चोळत बाहेर आले. मागोमाग बादलही आला. घरातली सगळी माणसं दुपारच्या उन्हात सोयाबीन चाळताना पाहून धरमसिंग कौतुकाने म्हणाले, "पाहुणे आले तरी काम सुटत नाही म्हणा तुमच्या घरी."

"होय जी. ओलं राह्यलं का बुरशी येते," फुलचंदने चुंबक पाठीमागे लपवलं.

धरमसिंगांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, तोंडावर पाणी मारलं आणि हात पुसायला दोरीकडे वळले. दोरीवर ती चिंधी होती. ते एकदम थांबले. चिंधीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग फुलचंदकडे पाहिलं. खाटेवर जाऊन बसले आणि खाली बघत राहिले.

फुलचंदला कळून चुकलं. यांनी ओळखलं. गाडी खोलल्याचं ओळखलं, भोकही दिसलं असेल. जमनीने चहा दिला तो त्यांनी घेतला, पण बशी हातातच राहिली. विचारलेल्या गोष्टीला ते "हूं" म्हणायचे आणि पुन्हा चिंधीकडे बघायचे. राखी दारात उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. आपल्या हाताने पोरीचं दुसऱ्यांदा वाटोळं झालं, हे फुलचंदला अगदी स्पष्ट दिसत होतं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला वाटलं.

उकंडा नायक आले. माणसं जमली. जमनीने गुळाचं ताट पुढे आणलं. नायक ताटाला हात घालणार, तोच धरमसिंग उठले.

"थांबा जी नायक. मले फुलचंदभाऊसंग दोन शब्द बोलाचे आहे. एकट्यात."

नायकांनी हात मागे घेतला. जमनीच्या मनात हुंड्याचा विचार येऊन गेला. राखीने खाली पाहिलं. फुलचंद गोठ्यामागे असा चालत गेला, की बकरीसुद्धा बाजूला झाली.

गोठ्यामागे दोघं समोरासमोर उभे राहिले. फुलचंदने हात जोडले आणि म्हणाला, "माह्यं चुकलं." पण तेच शब्द त्याच क्षणी धरमसिंगांच्याही तोंडून निघाले होते. 

"तुमचं काय चुकलं?" फुलचंदने विचारलं.

"आता लपवून काय उपेग. तुम्ही तर चिंधी काढून दोरीवर टांगली," धरमसिंग म्हणाले. "पोट्ट्याची गाडी खडखड करे. तो शेतात गेलता, तवा म्या खोलून पाह्यली. आमच्या बापाची रीत हाये, जनावरानं आवाज केला का आधी पाठ पाहाची. ओढता ओढता कडी तुटली. पागोट्याची चिंधी फाडून कोंबली, तरी खडखड राह्यलीच. लावाले घेतलं, तर भोकच सापडे ना. अन् हा एक उरला."

त्यांनी कमरेची तंबाखूची चंची उघडली आणि तंबाखूतून एक काळा बोल्ट काढला. "फेकावंसं वाटलं नाही, अन् पोराले सांगाची हिंमत नाही. आधीच मले गाडीजवळ फिरकू देत नाही. म्हटलं, तुम्ही आता नायकापुढं इचारान, का असं चिंध्या कोंबणारं घर आपल्या पोरीले कायले पायजे."

फुलचंद बोल्टाकडे बघत राहिला. त्याला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. "याच्यापायी म्या सारं सोयाबीन चाळलं जी," तो म्हणाला. "अन् मले वाटे का ते कडी म्याच तोडली. एक बटण मात्र माह्याच हातानं गेलं."

"कोणतं? ते काळं? माह्याकडून दोन गेले," धरमसिंगांनी त्याला धीर दिला.

मग दोघं गोठ्याला वळसा घालून गाडीपाशी आले. बादल नायकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसला होता, त्याची पाठ इकडे होती. फुलचंदने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कडीच्या जागी सारला, धरमसिंगांनी बोल्ट घातला, आणि कोणी आवळायचा यावरून पान्याची थोडी ओढाओढ झाली. शेवटी एक-एक फेरा दोघांनीही दिला. चिंधी धरमसिंगांनी घडी करून खिशात घातली.

"चला, गूळ वाटा," ते अंगणात येऊन म्हणाले. राखीच्या चेहऱ्यावरचं ऊन परत आलेलं फुलचंदने पाहिलं आणि त्याला गुळाची गोडी ताट समोर यायच्या आधीच लागली.

दिवस मावळताना पाहुणे निघाले. बादलने गाडी सुरू केली, अंगणातच एक फेरी मारली आणि चकित होऊन थांबला. "बाबा, आवाज बंद झाला. कोणी हात लावला का?"

धरमसिंग आभाळाकडे बघत होते. फुलचंद बकरीकडे बघत होता. राखी तोंडावर ओढणी धरून घरात पळाली.

गाडी उतारापर्यंत गेली. जमनीने नवऱ्याला गाठलं. "एकट्यात काय मागतलं त्याईनं?"

"मागतलं नाही. द्याचं होतं त्याले काही."

जमनीला अर्थ लागला नाही, पण सोयरीक झाली होती, तेव्हा तिने सोडून दिलं आणि ताडपत्री आवरायला घेतली. सोयाबीन पोत्यात ओतता ओतता तिचा हात थांबला. ताडपत्रीच्या घडीतून तिने काहीतरी उचललं आणि फुलचंदच्या तळहातावर ठेवलं. काळा, नवाकोरा दिसणारा बोल्ट.

फुलचंद त्याच्याकडे बघत राहिला. गाडीच्या खालच्या अंगाला, चाकामागे आणखी एक भोक होतं, ते आता त्याला आठवलं. तिकडे उताराच्या वळणावरून, लांबून, खडखड ऐकू आली.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बोल्ट धोतराच्या सोग्याला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"पोराले नको सांगू," तो जमनीला म्हणाला. "साखरपुड्याले गेलो, का धरमसिंग इवायाच्या हातात देईन. त्याले समजते."