क्लॅरीकाकांच्या तीन बायका

"पंधरा दिवस! पंधरा दिवसांत क्लॅरीकाकांना हुडकून काढतो. नाहीतर नाव बदलीन!" इंग्लंडातल्या बार्न्सली गावच्या वंशावळ मंडळात हेडली आउथवेटनं टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला तो चिटणीसबाईंच्या मांडीवर.

हेडलीला एवढा जोर चढायचं कारण घरात होतं. एनिडआत्या, वय वर्षे एकोणनव्वद. तिचा थोरला भाऊ क्लॅरी एकवीस वर्षांचा असताना, त्रेपन्न साली, बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं.

"मी त्याला म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस," आत्या बिस्किट चहात बुडवत म्हणाली. "त्या गाढवानं आयुष्यात माझं एकदाच ऐकलं, ते हे! हेडली, मरायच्या आधी मला त्याचा आवाज ऐकायचाय रे."

हे ऐकून कुणालाही भरून आलं असतं. हेडलीला स्फुरण चढलं.

इंग्लंडात पूर्वज शोधणं त्याच्या डाव्या हातचा मळ होता. जुनी जनगणना उघडायची. घरात कोण कोण, कुणाचं कुणाशी नातं काय, सगळं हारीनं लिहिलेलं! त्यानं ऑस्ट्रेलियाला ईमेल टाकला, 'जनगणना पाठवा.' उत्तर आलं, 'माणसं मोजून झाली की आम्ही कागद नष्ट करतो.'

"नष्ट?" हेडली किंचाळला. "आत्या, कसल्या देशात गेला गं तुझा भाऊ!"

मग कुणीतरी सांगितलं, तिथल्या मतदारयाद्या पाहा. हेडलीनं मंडळाच्या संगणकासमोर ठाण मांडलं आणि चौथ्या दिवशी जिलाँग गावात क्लॅरीकाका गवसले! सन सत्याहत्तर. क्लॅरेन्स आउथवेट, फिटर. त्याखाली, त्याच पत्त्यावर, जीनेट आउथवेट, टायपिस्ट. लोरेन आउथवेट, शिवणकाम. मेव्हिस आउथवेट, घरकाम.

हेडलीनं तीनदा मोजलं. मग तो धापा टाकत घरी आला.

"आत्या, बसून घे. काकांनी तीन लग्नं केली!"

"क्लॅरीनं? त्याला धड दोन मोजे सांभाळता येत नव्हते!"

"एकाच घरात तिघी! एक घर सांभाळते, एक कपडे शिवते, एक टायपिंग करते. बेत पक्का दिसतो."

आत्यानं डोळे मिटले. "आई बरी सुटली हे ऐकायच्या आत. तरी लिही त्याला. तीन काय नि तेरा काय, भाऊ तो भाऊच."

हेडलीनं त्याच पत्त्यावर पत्र धाडलं. 'पूज्य मेव्हिसकाकू, जीनेटकाकू व लोरेनकाकू, आपल्यापैकी खरी काकू कोण याची चौकशी आम्ही करणार नाही. आम्ही मोकळ्या मनाची माणसं आहोत.' ही ओळ त्यानं मंडळात वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पत्र टाकल्याच्या अकराव्या दिवशी, न्याहारीच्या वेळी, फोन वाजला.

"हेडली का? मी लोरेन. तुझी तिसरी काकू!"

हेडलीच्या हातातला टोस्ट गळाला.

"अरे शहाण्या, मी तुझी चुलत बहीण! जीनेट माझी मोठी बहीण. मतदारयादीत नातं लिहीत नाहीत. अठरा वर्षं झाली की घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं, बस. आई नव्वद वर्षांची आहे, पत्र वाचल्यापासून दोन दिवस बाबांशी बोलत नाही. म्हणते, धूर असेल तिथं आग असणारच!"

"म्हणजे काका आहेत?"

"आहेत की! बारा वर्षं त्यांनी माझ्याकडून तुमच्या मतदारयाद्या तपासून घेतल्या. ना एनिडआत्याचं नाव, ना तुझं. इथं नाव न नोंदवणं गुन्हा आहे. आम्हाला वाटलं, तुम्ही सगळे गेलात. बाबा दर वर्षी आत्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करतात!"

फोनचा आवाज मोठा होता. आत्यानं सगळं ऐकलं.

"हेडली, यादीत माझं नाव का नाही?"

"त्याचं काय आहे, आत्या..." हेडली टोस्ट शोधायला टेबलाखाली वाकला. "त्या यादीतूनच माणसं ज्यूरीला बोलावतात. ऐन फुटबॉलच्या दिवसांत कोर्टात कोण बसणार? म्हणून सगळ्या घराचा तो नोंदणीचा फॉर्म मी... दर वर्षी शेकोटीत..."

"आणि मला सांगितलंस, पंचाहत्तरी उलटली की मतदानाचं कार्ड येत नाही!"

तेवढ्यात पलीकडून एक थरथरता, खरखरीत आवाज आला. "एनिड? खरंच तूच का गं?"

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मीच रे, क्लॅरी! कुठं म्हणजे? इथंच होते. हा दिवटा तुला शोधत पार ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला, आणि मला घरातल्या घरात हरवून बसला होता!"

हेडली टेबलाखालून काही लवकर बाहेर आला नाही.