जिन्यावरची फळी

आमच्या नगरपालिकेच्या जिन्यावर बारा महिने बर्फ असतो, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या फायली स्नोबोर्डवरून तळमजल्यावर येतात. वर चढायला दोर आहे.

ही फळी किसन डवले अठरा वर्षं चालवत होता. तो वारल्यावर त्याच्या बायकोला, यमुनाबाईंना, अनुकंपा तत्त्वावर सहा महिन्यांसाठी घेतलं. कायम होण्याची अट एकच होती. शेवटच्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीची फाईल पाचच्या आत तळमजल्यावरच्या जावक खिडकीवर पोचली पाहिजे. नाही पोचली तर नोकरी संपली.

तो दिवस नेमका दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा निघाला. सुट्टीआधी कचेरीतल्या अवजारांची पूजा होते. पंचिंग मशिनला फूल, शिक्क्यांना अक्षता. फळीची काम करणारी बाजू तळाची, असा विचार करून हेडक्लार्क तेलंगांनी ती उलटी केली आणि तळावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

चार वाजता फाईल घेऊन निघालेली फळी दुसऱ्याच पायरीला चिकटली. यमुनाबाईंनी ती परत आणून तेलंगांच्या टेबलावर पालथी ठेवली.

"हे काढावं लागेल, भाऊसाहेब."

"कुंकू पुसायचं?" तेलंग म्हणाले. "असं बोलू नये बाई. त्याला साहेबांची लेखी परवानगी लागेल."

"माझं पुसलं तेव्हा कुणाची घेतली होती?"

तेलंगांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"आणि मी पुसत नाहीच आहे," बाई म्हणाल्या. "मेणात उतरवते."

आमच्या कचेरीत काम होताना पाहायचे प्रसंग थोडे, त्यामुळे सगळे भोवती जमले. बाईंनी मेणाची वडी इस्त्रीला टेकवून तळावर थेंब पाडले. मग इस्त्री फिरवली, पण कुठे थांबवली नाही, कारण थांबली की तळ भाजतो. मेण कोमट असतानाच प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. लालसर साली निघाल्या. तेलंगांनी त्या निर्माल्य म्हणून कागदात गोळा केल्या. तळ काळाभोर झाला, तसा बाईंनी मेणाचा दुसरा थर दिला आणि त्या हात मांडीवर ठेवून बसल्या.

मुख्याधिकारी दोनदा डोकावले.

"बाई, पावणेपाच झाले. निघा की."

"गार होऊ द्या साहेब. ऊन मेण बर्फाला धरून बसतं."

"तुमची नोकरी जाईल हो."

"घाई केली तर नक्की जाईल."

इतक्या शांतपणे साहेबांना थांबवलेलं या कचेरीत कुणी पाहिलं नव्हतं. साहेब थांबले. चार पन्नासला बाईंनी थर खरवडला, शेंड्यापासून शेपटापर्यंत एकाच दिशेने ब्रश मारला, फाईल काखेत घेतली आणि जिन्यावर पाय टाकला. आम्ही कठड्यावरून वाकलो. फळीचा आवाज आलाच नाही. खालून शिक्क्याचा तेवढा आला. चार अठ्ठावन्न.

साहेबांनी कायम केल्याच्या आदेशावर लगेच सही केली. परंतु आदेश तिसऱ्या मजल्यावर, आणि कर्मचाऱ्याला तो जावक खिडकीवरच मिळतो. तेव्हा यमुनाबाई दोर धरून पुन्हा वर आल्या, तळावरून एकदा तळवा फिरवला, आदेश घेऊन खाली गेल्या, आणि खिडकीशी उभ्या राहून तो मिळाल्याची सही त्यांनी केली.