इंदूताईंच्या डोक्याची तपासणी

कळंबात आमच्या शेजारी राहणाऱ्या इंदूताई सकाळी हार्मोनची गोळी गिळतात आणि पेला खाली ठेवायच्या आत मला हाक मारतात. "मॅडम, ऐका! धाराशिव, येडशी, चोराखळी, येरमाळा, कळंब. समदे थांबे उलटे, बराबर आलं का न्हाय?" आलं म्हटलं की, "मग डोकं चालू हाय!" असं स्वतःलाच प्रमाणपत्र देऊन ड्युटीवर पळतात.

ताई एसटीत कंडक्टर. पाळी गेली आणि त्यांच्या अंगातून वाफा निघू लागल्या. भर थंडीत बसमधले लोक कानटोप्या घालून बसलेले, आणि ताई खिडकीची काच सरकवणार. कुणी ओरडलंच तर, "तुमाला गार लागतंय त्यात माजा काय गुन्हा?" झोप उडाली, माणसांची नावं जिभेवर येईनात.

त्यातच येरमाळ्याला तो प्रकार घडला. एका म्हातारीचं गठुडं उतरवायला ताई खाली उतरल्या, तिला कडेला नीट उभं केलं, आणि सवयीनं बसच्या पत्र्यावर थाप मारून ओरडल्या, "जाऊ द्या!" ड्रायव्हरनं जाऊ दिली. कंडक्टरबाई रस्त्यावर, बस चोराखळीच्या वाटेला! कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून त्यांनी स्वतःचीच गाडी गाठली. डेपो हसला, मीही पोट धरून हसले. ताई मात्र हसल्या नाहीत.

लगोलग मला ओढत त्या धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. सगळ्या तपासण्या करून बाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "वाफा कमी होतील, झोप लागेल. झोपेनं डोकंही जरा हलकं वाटेल. पण स्मरणशक्तीचं औषध म्हणून घेऊ नका, तसा शब्द मी देणार नाही."

झालं! तेव्हापासून ताई गल्लीभर परीक्षा देत हिंडतात. चहालासुद्धा बसत नाहीत, उभ्यानंच घोट घेतात. "माजी पोरगी कवा दहावी झाली, इचारा!" भाजीवाला बिचारा विचारतो. उत्तर बरोबर की चूक, हे त्याला कसं कळणार?

वाफा थांबल्या, झोप लागू लागली, तरी ताईंची धास्ती जाईना. परवा मी वैतागलेच. "अहो ताई, विसरायला मीही विसरते. एवढं काय त्यात?"

त्या मला आपल्या घरातल्या आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कॉटवर त्यांची आई बसली होती. बऱ्याच दिवसांपासून तिला कुणी ओळखू येत नाही, हे मला ठाऊक होतं. ताईंनी तिला वरणभात भरवला, तोंड पुसलं. म्हातारीनं हात जोडले. "लई माया करता, बाई. कुणाच्या म्हणायच्या तुमी?"

"तुजीच, माय," ताई म्हणाल्या.

मग माझ्याकडे न बघता, हळूच, "हिच्या डोक्यातनं मी कवाच गेले, मॅडम. ही माजी माय हाय, ह्ये आता एकट्या माज्याच डोक्यात ऱ्हायलंय. थितनं बी गेलं, तर आमी दोघी एकमेकीच्या कोण?"